तळव्याची खबर

"बाई, रंगात पाय पडला का तुमचा कुठे?" दुकानदारीण म्हणाली. लेसिएली मैद्याची पिशवी काखेत धरून डबाबंद मासळीच्या फळीसमोर उभी होती. शुक्रवारचे साडेचार वाजले होते, ड्यूटी संपली होती आणि पुढच्या दोन दिवसांची घडी तिच्या डोक्यात इस्त्री करून ठेवल्यासारखी होती: उद्या अळूची पानं, परवा चर्च, चर्चनंतर जमिनीतल्या भट्टीतलं जेवण, मग पाय ताणून झोप. तिनं मागे वळून पाहिलं. दुकानाच्या पांढऱ्या लाद्यांवर दारापासून तिच्यापर्यंत लाल ठसे आले होते. एका पावलाआड एक, उजव्या पायाचे. दारापाशी पुसट, साबणाच्या फळीपाशी ठळक, आणि इथे, तिच्या चपलेभोवती, लहानसं थारोळं. तिला आधी वाटलं ते असं की कुणाचं तरी रक्त आपल्या अंगाला लागून आलंय. दिवसभर दुसऱ्यांच्याच रक्तात वावरणाऱ्या बाईला दुसरं काय वाटणार. ती म्हणालीसुद्धा, "माझं नाही ते." मग दोघीही खाली बघत राहिल्या, कारण थारोळं हळूहळू मोठं होत होतं.

दुकानदारिणीनं तिला दोन प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या, एक पायाला बांधायला आणि एक मैद्याला, आणि लादी पुसायला घेतली. लेसिएलीनं माफी मागितली. रस्ता ओलांडून ती समुद्राकाठच्या कठड्यावर जाऊन बसली. ओहोटी लागली होती. कुणाची तरी डुकरं चिखलात शिंपले उकरत होती, आणि पलीकडच्या बेकरीतून पावाचा वास येत होता. तिनं उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घेतला. चपलेच्या पातळ रबरातून आरपार घुसलेली नखाएवढी हिरवी काच अंगठ्याखालच्या गादीत रुतून बसली होती. ती तिनं दोन बोटांनी उपटून काढली. काढताना जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. तिनं अंगठ्यानं जखमेच्या कडेला दाबलं, आधी हळू, मग जोरानं, मग नखानं. दाबणाऱ्या अंगठ्याला सगळं कळत होतं, ओलसरपणा, ऊब, कातडीचा राठपणा. पण ज्याला दाबत होती त्याला काहीच कळत नव्हतं. आपला पाय आपण दुसऱ्या कुणाचा म्हणून हातात धरलाय असं तिला वाटलं. आणि असे पाय तर ती रोजच हातात धरत होती.

सव्वीस वर्षं. त्या बेटांच्या देशातलं मोठं इस्पितळ एकच, आणि त्यात साखरेच्या रोग्यांच्या पायांची पट्टी करायची खोली एकच, आणि त्या खोलीतली मुख्य सिस्टर लेसिएली. बाहेरच्या बाकांवर सकाळी सातपासून माणसं बसत. कुणाचं बोट काळं पडलेलं, कुणाच्या टाचेत नाणं मावेल एवढं भोक, कुणी आधी तीन आठवडे गावातल्या म्हातारीकडून पाला बांधून घेतलेला. प्रत्येकाला ती तेच विचारी: कधी लागलं? आणि दहातले सात तेच सांगत: कळलंच नाही, सिस्टर. मग ती बोले. तिच्या जिभेची गावात ख्याती होती. लोक तिला मागून 'पायांची मास्तरीण' म्हणत, आणि ते तिच्या कानावर आलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडत होतं. रोज पाय बघा, ती म्हणे. तोंड धुता तसे पाय धुता ना, मग तोंड आरशात बघता तसा पायही बघा. एवढं मोठं शरीर त्या दोन पावलांवर उभं करता आणि त्यांची चौकशी वर्षातून एकदा तरी करता का? स्वतःच्या पायांची चौकशी तिनं शेवटची कधी केली होती ते त्या कठड्यावर बसून तिला आठवेना. रक्ताची तपासणी केव्हा केली ते मात्र आठवलं, चार वर्षांपूर्वी. तेव्हा आकडा काठावर होता. पुढे दर वेळी साखर मोजायच्या पट्ट्या कमी असत, माल आणणारी बोट उशिरा येई, आणि ती मनाशी म्हणे, रोग्यांना पुरत नाहीत, आपल्यावर एक वाया कशाला घालवायची? हा विचार तिला चार वर्षं फार थोर वाटत आला होता. आज तो तिनं उलटा करून पाहिला तर त्याच्या खाली भीती बसलेली होती, दगडाखाली खेकडा बसतो तशी, अगदी स्वस्थ.

घरी सामिसोनी, तिचा नवरा, मागच्या अंगणात जाळं शिवत बसला होता. तो बंदरातल्या बोटींची इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेला, मोठ्या अंगाचा, हळू बोलणारा माणूस. पाय का ओढतेस, असं त्यानं न बघताच विचारलं. तिच्या चालण्याचा आवाज त्याला पाठ होता. चप्पल चावली, ती म्हणाली. खोटं इतकं सहज बाहेर आलं की तिला आपल्या बाकांवरची सगळी माणसं एकदम आठवली. ती न्हाणीत गेली, दार लावलं, जखम धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली. पट्टी सुरेख झाली. एवढी सुरेख पट्टी जिला बांधता येते तिला काय होणार, असं कुणीतरी तिच्या आत म्हणालं. तो आवाज तिच्या गेलेल्या बापाचा होता.

शनिवारी सकाळी ती अंगणात अळूची पानं पुसत बसली तेव्हा बाप दिवसभर तिच्या शेजारी बसून राहिला. तो बोटी बांधायचा. त्याच्या हाताला कायम डांबराचा आणि करवतीच्या भुश्याचा वास यायचा, आणि तो जेवताना मुलांनी त्याच्याजवळ जायचं नाही, त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, ही घराची रीत होती. ती तेव्हा बावीस वर्षांची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सुटीत घरी आलेली. बाप रिवाजाप्रमाणे कमरेला चटई गुंडाळून बसलेला, आणि त्या खोलीत एक वास. तो वास तिनं वॉर्डात ओळखायला शिकून अजून सहा महिनेही झाले नव्हते. बापाला विचारायचं कसं? तिनं आईकरवी विचारलं. पायाला मुंगी चावली, असं उत्तर आईकरवीच आलं. पाच आठवडे तो मुंगी चावली म्हणत राहिला. मोठ्या इस्पितळातून माणूस पुरा परत येत नाही, असं तो म्हणे, आणि त्याचं म्हणणं त्यानं स्वतःच खरं करून दाखवलं. शेवटी मोसेसेनं, तिच्या धाकट्या भावानं, त्याला पाठीवर घेतलं आणि भर दुपारी रस्त्यानं चालत नेलं, कारण बस यायची वाट बघणं त्याला सहन होईना. आधी घोट्यापासून कापलं, मग गुडघ्याखाली, मग वर. तिसऱ्या वेळी बाप उठला नाही. मोसेसे तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्या दिवसानंतर त्यानं इस्पितळाच्या फाटकाच्या आत पाय टाकला नाही. बायकोच्या तिन्ही बाळंतपणांना तो बाहेर फणसाखाली गाडीत बसून राहिला.

पानं पुसून झाली. तिनं त्यांत कांदा आणि चरबीदार मटणाचे तुकडे घातले, वर नारळाचं दूध ओतलं आणि पुरचुंड्या बांधल्या. मटण घालताना तिचा हात थोडा थबकला. रोग्यांना ती हेच मटण सोडायला सांगे. मग तिनं नेहमीएवढंच घातलं. आज वेगळं काही केलं तर वेगळं काही झालंय असं ठरेल, आणि अजून तसं काही ठरलेलं नव्हतं. ऊन छान पडलं होतं. शेजारच्या घरी बायका झाडाच्या सालीचं कापड कुटत होत्या, ठोक ठोक ठोक, तिघींच्या मोगऱ्या एका तालात, आणि मध्येच एकीचा ताल चुकला की तिघी हसत. लेसिएलीला ते ऐकत राहावंसं वाटलं. आपल्याला फार काही हवं होतं असं नाही, तिच्या मनात आलं. हेच हवं होतं, आणि ते आहे. फक्त त्यात एक पाय कमी असेल तर ते हेच राहील का?

रविवारी चर्चमध्ये ती गाण्याला उभी राहिली. उभं राहणं वाईट, हे तिला ठाऊक होतं. जखमेवर वजन द्यायचं नाही, हे वाक्य तिनं हजार वेळा म्हटलं होतं. पण शेजारची माणसं उभी असताना बसून राहायचं तर कारण सांगावं लागतं. पुरुषांच्या बाजूनं सामिसोनीचा खर्ज आला, लाकडी जमिनीतून चढत. आणि तिला जाणवलं की तो खर्ज तिच्या डाव्या पावलाला थोडा कळतोय, उजव्याला नाही. किंवा तसं नसेलही. तिनं डोळे मिटले आणि दोन्ही पावलं शोधून पाहिली. कुठेतरी खाली, दूर, ती असावीत. गाणं संपून सगळे बसले तरी ती क्षणभर उभीच होती.

जेवायला मोसेसे आला, बायको-मुलांसह, दर रविवारी येतो तसा. तो गावाबाहेर कोनफळं पिकवत होता; दोन माणसांचं वजन एका अंगात, गोडाची आवड, आणि हसला की सगळं घर हसे. पण लेसिएलीसमोर तो हसत नसे. भावाबहिणीची अदब आड येई. वयात आल्यापासून दोघं एका खोलीत एकत्र बसली नव्हती. ती आत असली की तो ओट्यावर, आणि बोलायचं ते घरच्या, शेताच्या, चर्चच्या कामाचं. देहाची गोष्ट भावाबहिणीत निघत नाही. ताप आला एवढंसुद्धा सामिसोनीमार्फत कळे. दारातून तिला त्याची पाठ दिसत होती, आणि त्याच्या हातातला केळीच्या गोड उकडीचा तिसरा वाडगा, आणि त्याचे बूट. या उकाड्यात बूट? सगळे अनवाणी बसलेले, आणि त्याच्या पायात शेतावरचे जाड बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. देशभराचे पाय आपण उघडायला लावले, तिच्या मनात आलं, आणि हे दोन कधी पाहिले नाहीत. पाहता येणारही नाहीत. तिनं नजर काढून घेतली. त्या बाजूला बघत राहणंही बरं नव्हतं.

संध्याकाळी तिनं पट्टी सोडली. कडा पांढऱ्या, भिजल्यासारख्या झाल्या होत्या, आणि अंगठ्यापासून वरच्या बाजूला दोन बोटं रुंद लाली चढली होती. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर तिनं देवाचे आभार मानले असते. लाली उद्या कुठवर जाते ते कळावं म्हणून तिनं पेननं तिची हद्द आखली, रोग्यांच्या पायावर आखायची तशी. आणि आखता आखता तिला एकदम हसू आलं. चोरानं स्वतःच्याच हातांनी पंचनामा लिहावा, तसं चाललं होतं ते. तिनं दार उघडलं. सामिसोनी दारातच उभा होता. त्यानं पायाकडे पाहिलं, पेनच्या रेघेकडे पाहिलं. खाली बसून त्यानं तिची टाच आपल्या तळहातात घेतली, इंजिनाचा भाग घ्यावा तशी, जपून, आणि दिव्याकडे वळवली. "चप्पल चावली नाही ही," एवढंच तो म्हणाला. मग ती रडली, फार नाही.

सोमवारी सकाळी ती इस्पितळात गेली ती गणवेश न घालता. मागच्या दारानं सरळ आत जाऊन मेलियामेला, हाताखालच्या नर्सला, पाय दाखवता आला असता. कुणाला कळलंही नसतं. मागच्या दाराशी ती थोडा वेळ उभीही राहिली. मग पुढून आली, नंबराचा बिल्ला घेतला, आणि बाकाजवळ गेली. एकोणीस माणसं होती. ती सगळी एकदम गप्प झाली. तिथे उहिला मास्तर होते, शाळेतून निवृत्त झालेले, डावा पाय गुडघ्याखाली नसलेले, दर सोमवारी उजव्याच्या तपासणीला येणारे. त्यांनी तिच्या हातातला बिल्ला पाहिला, तिच्या पायातली सामिसोनीची ढगळ सपात पाहिली, आणि कुबडीनं शेजारच्याला ढोसून म्हणाले, "सरक रे. बाईंना टेकू दे."

ती बसली. मास्तर समोर बघत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "मला काय म्हणाला होतात, आठवतं? 'मास्तर, तुमची अक्कल पायात होती, आता तीही अर्धीच उरली.'"

तिला आठवत होतं. तेव्हा सगळी खोली हसली होती, मास्तरही. ती म्हणाली, मी असं बोलायला नको होतं. मास्तर म्हणाले की बोलायला हवंच होतं, त्या रागानं तर ते आठवडाभर दुसरा पाय बघत राहिले आणि तो वाचला. फक्त घरी जाऊन त्यांनी बायकोपाशी तिला दोन शिव्या घातल्या होत्या, त्या आज परत घेतो. बाकावर कुणीतरी हसलं. मग बाक पुन्हा नेहमीसारखा बोलू लागला, वादळाबद्दल, कोनफळांच्या भावाबद्दल, आणि लेसिएली त्या बोलण्यात बसून राहिली. सव्वीस वर्षं ही बडबड तिनं दाराच्या आतून ऐकली होती आणि तिला वाटे की ही माणसं बेफिकीर आहेत. इथे बसल्यावर तिला कळलं की ती घाबरलेली आहेत, आणि एकमेकांना धरून बसलेली आहेत.

मेलियामे सत्तावीस वर्षांची होती, आणि तिला हातमोजे घालण्यापासून सगळं लेसिएलीनंच शिकवलं होतं, बरंचसं रागावून. विसावा नंबर पुकारून तिनं वर पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. पण ती म्हणाली ते इतर एकोणिसांना म्हणाली तेच, या, बसा, पाय वर घ्या. कधी लागलं, तिनं विचारलं. कळलंच नाही, लेसिएली म्हणाली. बोटाला सुई टोचून मेलियामेनं रक्ताचा थेंब घेतला. सहा-सातच्या आत असायला हवा तो आकडा यंत्रानं सतरा दाखवला. तिनं तो मोठ्यानं वाचला नाही, यंत्रच तिच्याकडे वळवलं. मग जखम धुतली, सळीनं खोली पाहिली. हाडाला लागलं नव्हतं. लाली पेनच्या रेघेबाहेर बोटभर गेली होती. आणि मग तिनं खणातून ती काडी काढली, टोकाला नायलॉनचा राठ दोरा लावलेली. तळव्यावर दहा ठिकाणी तो टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा, आणि रोग्यानं डोळे मिटून सांगायचं.

"डोळे मिटा, बाई. दोरा लागला की हो म्हणा."

लेसिएलीनं डोळे मिटले. बाहेर कुणीतरी खोकत होतं. डाव्या टाचेला काही लागलं, हो. मग कमानीला, हो. मग करंगळीखाली, हो. हे सोपं होतं, तिला धीर आला. मग उजवा पाय. ती वाट बघू लागली. खोलीतला पंखा वळून येई आणि तिच्या पोटऱ्यांवरून जाई. अंधारात ती आपल्या पायाकडे चालत गेली, गुडघ्यापर्यंत दिवे लावलेल्या वाटेवरून, घोट्यापर्यंत मिणमिणत्या, आणि पुढे वाटच नव्हती. तिथे बाप बोटीच्या सांगाड्यात बसला होता आणि वर बघत नव्हता. मेलियामे दर तीन श्वासांनी दोरा टेकवते, हे तिला माहीत होतं. तिनंच ती चाल शिकवली होती. एक, दोन, तीन. काही लागल्यासारखं वाटलं. नक्की वाटलं. "हो," ती म्हणाली.

मेलियामे फार हळू म्हणाली, "बाई, मी अजून लावलाच नाही."

पुष्कळ रोगी असं करतात. लेसिएलीनं त्यांना खोटारडे म्हटलं होतं. आता तिला कळलं की ते खोटं नसतं. माणूस आपल्या पायाला हाक मारतो आणि त्याच्या वतीनं आपणच ओ देतो. तिनं डोळे उघडले नाहीत. "पुन्हा घे," ती म्हणाली, "आणि चाल बदल. मला तुझी चाल पाठ आहे." मेलियामेनं चाल बदलली. दहातल्या चार ठिकाणी लागलं. चार खरी, लेसिएलीला वाटलं, आणि त्या चारांबद्दल तिला जी माया वाटली तशी सबंध शाबूत पायाबद्दल कधी वाटली नव्हती.

डॉक्टर आला, तरुण, घाईतला. सगळं पाहून म्हणाला की पाय वाचेल, गोळ्या सुरू करू, तीन आठवडे त्यावर वजन टाकायचं नाही; शुक्रवारीच आला असतात तर एका आठवड्यात सुटला असतात. मेलियामेनं खाली बघून पट्टी बांधायला घेतली. तिच्या पट्टीची शेवटची घडी लेसिएलीपेक्षा चांगली बसत होती. हे लेसिएलीनं तिला सांगितलं. मेलियामेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली, रागवा बाई, तुम्ही असं बोललात की भीती वाटते.

मग तीन आठवडे. लेसिएलीनं आपल्या घरातली मंगळवारची दुपार लग्नानंतर कधी पाहिली नव्हती. ती कशी असते हे तिला कळलं: ऊन आधी दाराशी येतं, मग केवड्याच्या चटईवर चढतं, तीनच्या सुमाराला कपाटाच्या पायाशी पोचतं आणि तिथून परत फिरतं. कोंबड्या दीड वाजता गप्प होतात. शाळा सुटली की रस्त्यावरून पोरींचा आवाज जातो, आणि एक कुणीतरी रोज शेवटून एकटी, गुणगुणत जाते. पहिले चार दिवस तिला आपण चोरून सुख खातोय असं वाटलं. पाचव्या दिवशी वाटेनासं झालं. सामिसोनी रोज सकाळी घमेल्यात कोमट पाणी आणी. ते कोपरानं आधी स्वतः बघे, कारण तिच्या पायावर आता गरम-गार ठरवायचं काम सोपवता येत नव्हतं. मग चष्मा लावून तो दोन्ही तळवे वाची, वर्तमानपत्र वाचावं तसे, सावकाश, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि शेवटी बातमी सांगे: "आज विशेष काही नाही." तिला गुदगुल्या होत, डाव्या पायाला. तीस वर्षांच्या संसारात त्यानं तिचे तळवे पाहिले नव्हते, आणि आता त्याला ते तिच्यापेक्षा जास्त माहीत झाले. एकदा तो म्हणाला, मला वाटायचं तुला माझी गरज पडायची नाही. हे तो तक्रारीनं म्हणाला नाही. ती बराच वेळ त्यावर विचार करत पडून राहिली, आणि भट्टीतलं मटण घरातून बंद झालं त्याबद्दल त्यानं एक शब्दही काढला नव्हता हेही तिच्या लक्षात आलं. तो मुकाट्यानं उकडलेला मासा आणि पालेभाजी खात होता, आणि फक्त रविवारी शेजारच्या धुराकडे तोंड करून बसत होता.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, दुपारी, मोसेसे आला. बुधवारी तो कधी येत नसे. त्यानं कोनफळांची टोपली ओट्यावर ठेवली आणि दाराकडे पाठ करून पायरीवर बसला. आत चटईवर लेसिएली, उशीवर पाय. मध्ये उघडं दार. दारात नारळ खवत बसलेला सामिसोनी. पावसाचं बोलून झालं. कोनफळांना कीड लागल्याचं बोलून झालं. मग खवणीचा आवाज तेवढा राहिला. शेवटी मोसेसे म्हणाला, "दाजी, तिला विचारा, तळव्याला मुंग्या येतात, ते बधिर व्हायच्या आधीचं की नंतरचं?"

सामिसोनीनं मान वळवली आणि बायकोला विचारलं, जणू तिला ऐकूच गेलं नव्हतं. तिनंही नवऱ्यालाच सांगितलं की आधीचं, आणि मुंग्या येतात तोवर बरं असतं, म्हणजे पाय अजून बोलतोय. सामिसोनीनं ते मेहुण्याला सांगितलं. मग पायरीवरून नाड्या सोडल्याचा आवाज आला. लेसिएलीनं तोंड भिंतीकडे केलं. एक बूट पडला, मग दुसरा. सामिसोनी उठला, खाली वाकला असावा, कारण त्याचे गुडघे कडकडल्याचा आवाज तिनं ऐकला. ती भिंतीवरच्या चटईच्या विणीकडे बघत राहिली, आडवी, उभी, आडवी. रोज दुसऱ्यांच्या पट्ट्या सोडताना येतो तो वास आज इथे तर नाही ना येणार? वास आला नाही. आला तो फक्त ओल्या चामड्याचा, मातीचा.

"दोन फोड आहेत," सामिसोनी म्हणाला. "एक जुना. काळं काही नाही."

लेसिएलीनं भिंतीकडे तोंड ठेवूनच मान हलवली. सांगायचं पुष्कळ होतं. सगळं तोंडपाठ होतं, सव्वीस वर्षांचं, शिव्यांसकट. तिनं काहीच सांगितलं नाही. ज्याला बाप पाठीवर घेऊन भर उन्हात चालावं लागलं होतं त्याला काय सांगायचं? तिच्या मनात आलं की त्या दिवशी बापाचे दोन्ही पाय मोसेसेच्या हातांत होते, आणि तेव्हापासून त्यानं ते खाली ठेवलेच नव्हते. खवणी पुन्हा सुरू झाली नाही. रस्त्यावरून ती शेवटची मुलगी गुणगुणत गेली.

मग मोसेसे बोलला, आणि या वेळी त्यानं दाजी म्हटलं नाही. पाठ तशीच दाराकडे होती, आवाज जरा मोठा, तिच्यापर्यंत पोचावा इतका.

"ताई, उद्या जाईन म्हणतो. आत शिरल्यावर बाक कुठल्या बाजूला आहे?"

तीस वर्षांत त्यानं तिला स्वतःच्या देहाचं असं काही विचारलं नव्हतं. लेसिएली भिंतीकडे तोंड करूनच होती.

"डावीकडे," ती म्हणाली. "अगदी शेवटच्या खिडकीपाशी बस, मोसेसे. तिथे खाडीवरचा वारा येतो."